कीटकांच्या गाण्याचे वतन

१९१३ साली, जेव्हा औरंगाबाद हे निजामाच्या मुलखातील एका सुभ्याचे ठाणे होते आणि तेथील कचेऱ्यांचे दप्तर उर्दूत लिहिले जात होते, तेव्हा दूर व्हिएन्ना शहरी योहान रेगेन नावाच्या एका शिक्षकाने एक प्रयोग करून पाहिला, ज्याची मुख्य साधने म्हणजे एक टेलिफोन आणि शेतातले रातकिडे एवढीच होती. एका ठिकाणी नर रातकिडा टेलिफोनच्या बोलण्याच्या टोकापुढे ठेवला, दुसऱ्या ठिकाणी ऐकण्याचे टोक मांडून त्याच्या आसपास मादी मोकळी सोडली. नर गाऊ लागताच ती मादी त्या निर्जीव यंत्राच्या दिशेने चालू लागली. तिला नराचा वास येत नव्हता, त्याचे रूप दिसत नव्हते, पायाखालच्या जमिनीतून त्याची चाहूलही लागत नव्हती. तारेतून आला तो केवळ ध्वनी, आणि तेवढा तिला पुरेसा झाला. रातकिड्याचे गाणे हे मादीला घातलेले बोलावणे आहे, असे लोक पूर्वापार मानीत आले होते. परंतु मानणे निराळे आणि शाबीत करणे निराळे, आणि शाबितीचा हा पुरावा रेगेनने दाखल केला.

रेगेनचा रातकिडा युरोपातील शेतांत बीळ करून राहणारा. त्याचे भाऊबंद आपल्याकडेही उदंड आहेत. मृगाच्या सरी कोसळल्या की औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जुन्या तटबंदीच्या सांदीफटींतून, हिमायतबागेतील आंब्यांच्या बुंध्यांशी आणि विद्यापीठामागच्या डोंगरउतारावरील गवतातून रात्री जो अखंड नाद उठतो, तो बहुतांशी याच कुळाचा असतो. हे वादन ज्या अवयवांनी होते ते भिंगाखाली पाहण्याजोगे आहेत. नराच्या उजव्या पुढच्या पंखाला खालच्या बाजूने सूक्ष्म दात्यांची एक रांग असते, डाव्या पंखाच्या कडेला एक कठीण धार असते. नर पंख किंचित उचलून मिटू लागला की ती धार दात्यांवरून सरकत जाते आणि पंखाचा ताणलेला पातळ पडदा त्या घर्षणाने थरथरून सूर धरतो. पंख उघडताना बहुधा आवाज होत नाही. प्रत्येक मिटणीसरशी एक स्वरखंड उमटतो, आणि किती स्वरखंडांनंतर किती विराम घ्यावयाचा याचा जो हिशेब, तोच त्या त्या जातीचा ताल. मादी मुकी असते, तिचे कान पुढच्या पायांच्या नडगीत असतात, आणि शेकडो आवाजांच्या गलबल्यातून ती आपल्याच जातीचा ताल निवडून काढते.

आता हा ताल नराला शिकविला कोणी? काही पक्ष्यांची पिले बापाचे गाणे ऐकून ऐकून गायला शिकतात. पण रातकिड्याच्या पिलाला शेवटची कात टाकीपर्यंत वाजविण्याजोगे पंखच नसतात, आणि ते अंड्यापासून एकटे, इतरांच्या आवाजापासून दूर वाढविले तरी प्रौढ होताच आपल्या जातीचे गाणे बिनचूक वाजवू लागते. म्हणजे हे गाणे शिक्षणाचे फळ नव्हे, ते जन्माने चालत आलेले वतन आहे. आपल्या जुन्या मुलखात पाटीलकीचा वा देशमुखीचा हक्क कोणी सांगितला, की त्याला सनद कोठे आहे असे विचारले जाई, भाऊबंदांच्या तक्षिमा, म्हणजे वाटे, किती हे तपासले जाई, आणि गोतसभा बसून महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, होई. गाण्याच्या या वतनाचीही चौकशी विसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनी त्याच चिकाटीने केली. सनद एक की अनेक, मूळ कागद कोठे ठेवलेला आहे, आणि खोट्या हक्काची पारख कशी करावी, या तीन प्रश्नांभोवती सुमारे शंभर वर्षांचा हा इतिहास फिरत राहिला आहे.

चौकशीचा पहिला साक्षीदार रातकिडा नव्हता; तो होता पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारे, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर लांबीचे एक चिलट, ज्याला शास्त्रात ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर असे नाव आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना १९१० साली याच जातीच्या लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि तेथून आनुवंशिकतेची दप्तरे गुणसूत्रांत ठेवलेली असतात, हे निश्चित होत गेले. मॉर्गन यांचे तरुण शिष्य आल्फ्रेड स्टर्टेवंट यांनी १९१५ साली या माश्यांचा प्रणय बारकाईने पाहून लिहून ठेवला. नर पुढच्या पायाने मादीला हलकेच स्पर्श करतो, तिच्या मागे-पुढे फिरतो, मग एकच पंख शरीराशी काटकोन होईल इतका बाहेर काढून तो थरथरवितो. मादी राजी नसेल तर पुढे निघून जाते किंवा लाथ झाडते. स्टर्टेवंट यांनी काही नरांचे पंख कापले आणि त्यांना मादी मिळविण्यास अधिक वेळ लागतो असे पाहिले. म्हणजे पंखाच्या थरथरीत काहीतरी आर्जव आहे हे त्यांच्या ध्यानात आले, पण ते आर्जव ऐकू येण्याजोगे साधन त्या काळी नव्हते. पुढे १९१९ साली त्यांनीच ड्रॉसोफिला सिम्युलन्स ही दिसण्यात जवळजवळ तशीच, परंतु निराळी जाती ओळखली. दोघींचा संकर घडविला तर होणारी संतती वांझ निघते, हेही त्यांना दिसले.

त्या आर्जवाचा ध्वनी कागदावर उतरण्यास आणखी जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर सूक्ष्म ध्वनिग्राहक आणि फितीवर मुद्रण करणारी यंत्रे प्रयोगशाळांत आली. १९६२ साली शोरी यांनी या माशीच्या प्रणयध्वनीचे स्वरूप प्रसिद्ध केले, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये बेनेट-क्लार्क आणि यूइंग यांनी त्याचे माप घेतले. गाण्याचे अंग दोन: एक सलग गुणगुण आणि दुसरे तुटक स्पंदांची माळ. या माळेतील एका स्पंदापासून दुसऱ्या स्पंदापर्यंतचे अंतर मेलॅनोगॅस्टर जातीत सुमारे ३४ मिलिसेकंद भरले, तर सिम्युलन्स जातीत सुमारे ४८. कृत्रिम स्पंद ऐकवूनही पाहिले, तेव्हा मादीला आपल्या जातीचेच अंतर भावते असे आढळले. डोळ्यांना जवळजवळ एकसारख्या दिसणाऱ्या दोन जातींची हद्द अशा रीतीने एका सेकंदाच्या सत्तराव्या हिश्श्याने आखली गेलेली आहे, आणि ती हद्द मादी आपल्या शृंगिकेवरील केसाळ तंतूने ओळखते.

रातकिड्यांच्या बाजूने पहिला मोठा निवाडा १९७०च्या सुमारास अमेरिकेत झाला. डेव्हिड बेंट्ली आणि रोनाल्ड हॉय यांनी टेलिओग्रिलस या प्रजातीच्या ऑस्ट्रेलियात आढळणाऱ्या दोन जाती, कॉमोडस आणि ओशनिकस, एकत्र आणून त्यांचा संकर घडविला. दोघांचे ताल भिन्न. तेव्हा संकरज नर बापाचा ताल वाजवील की आईच्या कुळाचा, हा प्रश्न होता. मेंडेलच्या वाटाण्यांसारखा एकच घटक असता तर दोहोंपैकी एक ताल जिंकला असता. प्रत्यक्षात संकरज नरांनी दोहोंच्या दरम्यानचा, तरीही आपल्या ठिकाणी पक्का असा ताल धरला, आणि हे नर पुन्हा मूळ जातींशी जोडले तेव्हाही संततीत स्वच्छ दोन तट न पडता मधल्या पायऱ्याच दिसल्या. यावरून वतन एकाच मालकाचे नसून अनेक जनुकांच्या तक्षिमांत वाटलेले आहे, हे अनुमान पक्के झाले. एक तक्षीम मात्र निराळी ओळखू आली. रातकिड्यांत नराला एकच एक्स गुणसूत्र असते आणि ते त्याला आईकडूनच मिळते. कोणत्या जातीची आई आणि कोणत्या जातीचा बाप, हे उलटसुलट करून पाहिले तेव्हा तालाची काही लक्षणे आईच्या जातीकडे झुकलेली दिसली, तेव्हा जी मादी जन्मात कधी गात नाही तीही मुलाच्या गाण्याचा काही हिस्सा जपून पुढे देते, असे ठरले.

याच प्रयोगमालिकेत हॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली, जी वाचताना आजही नवल वाटते. संकरज माद्यांना तीन गाणी ऐकविली: दोन मूळ जातींची आणि एक संकरज नरांचे, तेव्हा त्या आपल्या भावांच्या, म्हणजे निसर्गात यापूर्वी कोणी न वाजविलेल्या, संकरज गाण्याकडेच अधिक वळल्या. गाणाऱ्याच्या अंगी जे उतरते तेच ऐकणारीच्या अंगीही उतरते, असा त्याचा सरळ अर्थ होता. हा वारसा एकाच जनुकामुळे दोघांत जातो की दोन शेजारी जनुके जोडीने जातात, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु बोलावणे आणि ते ऐकण्याचा कान यांचा उगम एकमेकांपासून फार दूर नसावा, ही शक्यता तेव्हापासून कोणाला दुर्लक्षिता आली नाही.

ह्याच काळात मराठी मुलखात काय चालले होते, तेही पाहावयास हवे. १९५८ सालच्या ऑगस्टमध्ये औरंगाबादेत पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. १९६२ साली मुंबईत, कुलाब्याच्या टोकाला, समुद्रालगतच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी ओबेद सिद्दिकी या तरुण शास्त्रज्ञाच्या हाती रेणवीय जीवशास्त्राचा एक नवा विभाग सोपविला. सिद्दिकी उत्तर प्रदेशातील बस्तीचे, अलीगढला शिकलेले, ग्लासगोत पॉन्तेकोर्व्हो यांच्या हाताखाली तयार झालेले. पुढे त्यांचे लक्ष जंतूंवरून माशीकडे वळले, आणि कॅलिफोर्नियातील सीमोर बेंझर यांच्यासह त्यांनी १९७६ साली जो निबंध प्रसिद्ध केला त्यात, उष्णता वाढताच लुळ्या पडणाऱ्या आणि ती उतरताच पुन्हा चालू लागणाऱ्या माश्यांच्या चेतातंतूंत नेमका कोठे बिघाड होतो, याची चिकित्सा होती. कुलाब्याच्या त्या प्रयोगशाळेत केनियात जन्मलेल्या, मूळच्या गोमंतकीय घराण्यातील व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी माशीच्या गंधज्ञानाची आणि रुचीची जनुके शोधण्यात आपले आयुष्य वेचले. मुंबईचा मुख्य विषय गंध आणि रुची हा होता, गाणे हा नव्हता. पण पद्धत एकच होती. माश्यांना उत्परिवर्तन घडविणारे द्रव्य चारावयाचे, त्यांच्या हजारो वंशजांतून वर्तनात काही वेगळेपण दाखविणारी एखादी माशी हुडकून काढावयाची, आणि मग तिच्या बिघाडावरून मूळ यंत्रणेचा तपशील लावावयाचा.

ही पद्धत गाण्याला लावली गेली ती अशी. १९७६ साली फ्लोरियान फॉन शिल्खर यांनी एका उत्परिवर्ती माशीचे वर्तन वर्णिले, जिच्या गाण्यातील प्रत्येक स्पंद गरजेहून अधिक आवर्तनांचा आणि कर्कश असतो. तिला त्यांनी कॅकोफनी, म्हणजे कर्णकटू, असे सार्थ नाव दिले. बेंझर यांच्याकडे काही वर्षे काढून मॅसॅच्युसेट्समधील ब्रँडाइस विद्यापीठात स्थिरावलेल्या जेफ्री हॉल यांनी हे काम पुढे नेले. १९८७ आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दोन महत्त्वाच्या निबंधांवर पहिले नाव एस. जे. कुलकर्णी असे आहे. पहिल्या निबंधात कॅकोफनीची जागा गुणसूत्रावर निश्चित केली गेली. दुसऱ्यात डिसोनन्स नावाचे नवे उत्परिवर्तन वर्णिले गेले, ज्यात स्पंदमाळेचा आरंभ ठीक असतो पण पुढे जावे तसतसे स्पंद लांबत आणि बिघडत जातात. या माश्यांच्या दृष्टीतही दोष होता, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण गाण्याचे म्हणून जे जनुक सापडले ते केवळ गाण्याचे नव्हते, ते डोळ्यांच्या कामातही गुंतलेले होते. कॅकोफनीचेही तसेच निघाले: १९९६ साली त्याचा उलगडा झाला तेव्हा ते चेतापेशींत कॅल्शियम आत घेणाऱ्या दाराचे जनुक ठरले, आणि अशी दारे तर सगळ्या शरीराच्या कारभाराला लागतात.

याच हॉल यांच्या प्रयोगशाळेतून या इतिहासातील सर्वांत लांबलेला तंटा उद्भवला. १९७१ साली बेंझर आणि त्यांचे विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का यांनी पीरियड नावाचे जनुक शोधले होते, ज्याच्या निरनिराळ्या उत्परिवर्तनांनी माशीचा २४ तासांचा दिवस १९ तासांचा होतो, २८ तासांचा होतो, किंवा अजिबात विस्कटतो. १९८० साली बॅम्बोस किरियाकू आणि हॉल यांनी असे प्रतिपादन केले, की माशीच्या गाण्यातील स्पंदांचे अंतर स्थिर नसून ते सुमारे ५५ सेकंदांच्या आवर्तनात कमी-जास्त होत राहते. आणि लहान दिवसाच्या माशीत हेच आवर्तन सुमारे ४० सेकंदांचे, मोठ्या दिवसाच्या माशीत सुमारे ८० सेकंदांचे, आणि विस्कटलेल्या माशीत मुळीच नसते. जे जनुक दिवसाचा हिशेब ठेवते तेच मिनिटाभराच्या गाण्याचाही ठेवते, ही कल्पना इतकी देखणी होती की तिने अनेकांचे मन जिंकले. १९९१ साली तर सिम्युलन्सचे पीरियड जनुक मेलॅनोगॅस्टर माशीत घातले असता तिच्या गाण्याचे आवर्तन सिम्युलन्ससारखे होते, असा निबंध निघाला. एका जातीचे वर्तन एका जनुकाच्या बळावर दुसऱ्या जातीत नेता येते, याचा तो मोठा दाखला म्हणून सर्वत्र गाजला.

परंतु फिर्यादी आधीच दाखल झाल्या होत्या. १९८८ साली स्टेला क्रॉसली यांनी आणि त्याच साली यूइंग यांनी, म्हणजे ज्यांनी हे गाणे प्रथम मापले त्यांच्यापैकीच एकाने, असे आवर्तन आपल्याला आढळले नाही असे स्वतंत्रपणे लिहिले. २०१४ साली डेव्हिड स्टर्न यांनी संगणकाने मोजलेल्या मोठ्या संग्रहाच्या आधारे हे आवर्तन हिशेबाच्या पद्धतीतून उत्पन्न झालेला आभास आहे, असा स्पष्ट आक्षेप घेतला. २०१७ साली किरियाकू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिले, की संगणकाची मोजणीच सदोष असून ती कित्येक स्पंद गाळते. स्टर्न यांनी त्यालाही प्रत्युत्तर दिले. त्याच वर्षी हॉल यांना मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते पीरियड जनुकाच्या दैनंदिन घड्याळाबद्दल होते आणि त्या घड्याळाविषयी कोणाचा तंटा नाही. गाण्याच्या ५५ सेकंदांचा दावा मात्र आजही वादग्रस्त आहे. या प्रकरणात शिकण्याजोगे एवढेच, की मूळ ध्वनिमुद्रणे जतन केलेली होती म्हणून प्रतिपक्षाला तीच पुन्हा तपासता आली. मूळ कागद हाताशी नसते, तर हा वाद प्रतिष्ठेच्या बळावर मिटला असता, पुराव्याच्या नव्हे.

दरम्यान दुसऱ्या एका दिशेने अधिक भरवशाचा पुरावा जमत होता. १९६३ साली येल विद्यापीठातील कुलबीर गिल यांनी असे नर वर्णिले होते, जे नरमादीचा भेद न करता इतर नरांचीही मनधरणी करतात आणि ज्यांना संतती होत नाही. त्या वर्तनामागच्या जनुकाला फ्रूटलेस हे नाव पडले आणि १९९६ साली त्याची रेणवीय ओळख पटली. नराच्या चेतासंस्थेत हे जनुक एका विशिष्ट रूपात वाचले जाते. २००५ साली व्हिएन्नातील एब्रू डेमिर आणि बॅरी डिक्सन यांनी ते नराचे रूप मादीच्या अंगात घडवून आणले, तेव्हा ती मादी इतर माद्यांची मनधरणी करू लागली. प्रणयाची अवघी सनद एका जनुकात सापडली, अशी हाकाटी होण्यास एवढे पुरेसे होते. पण २००७ साली दिसून आले की गाण्यापुरते पाहिले तर फ्रूटलेस एकटे पुरत नाही, त्याला डबलसेक्स या दुसऱ्या जनुकाची साक्ष लागते. २००८ साली क्लाइन आणि मीझेनबॉक यांनी याहून विलक्षण गोष्ट केली: ज्या चेतापेशींत फ्रूटलेस कार्य करते त्या प्रकाशाने चेतविता याव्यात अशी योजना करून, मस्तक छेदलेल्या माश्यांवर प्रकाशाचा झोत टाकला. नर तर गायलेच, पण ज्या माद्या एरवी प्रणयात असे गाणे म्हणत नाहीत त्यांनीही पंख पसरून गाणे वाजविले, मात्र ते सदोष होते. गाण्याचे यंत्र दोघांच्या वक्षातील चेतागुच्छात असते. ते कधी चालवावयाचे आणि कसे सुरात लावावयाचे, यात नर आणि मादी भिन्न होतात.

मग दोन जातींच्या, किंवा एकाच जातीच्या दोन वंशांच्या, गाण्यांतील फरक कोठून येतो? याचे एक नेमके उत्तर २०१६ साली मिळाले. डिंग, स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिम्युलन्सच्या एका वंशातील गुणगुणीच्या सुराचा फरक शोधत शोधत तो स्लोपोक या जनुकापर्यंत नेला. हे जनुक चेतापेशींतून पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या दाराचे, आणि त्याच्या मजकुराच्या मधल्या निरर्थक भागात एक भटका जनुकखंड येऊन बसलेला निघाला. दाराची घडण बदलली नव्हती, त्याचा वापर किंचित बदलला होता, आणि तेवढ्याने गाण्याचा सूर हलला. जिच्या बिघाडाने मुंबई-कॅलिफोर्नियाच्या माश्या लुळ्या पडत, त्या विद्युत्प्रवाहाच्या यंत्रणेतच गाण्याच्या छटाही घडतात, हे एका अर्थाने त्या जुन्या कामाचेच फलित म्हणावे लागेल.

वारसा नेहमी जपलाच जातो असेही नाही. प्रसंगी तो टाकून द्यावा लागतो. हवाई बेटांपैकी काउआई बेटावर ओशनिकस रातकिड्यांचा माग एक परोपजीवी माशी त्यांच्या गाण्यावरून काढते आणि त्यांच्या अंगावर आपल्या अळ्या सोडते. मार्लिन झुक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली कळविले, की वीसपेक्षाही कमी पिढ्यांत तेथील बहुसंख्य नर सपाट पंखांचे, म्हणजे मुके, झाले आहेत. हा बदल एक्स गुणसूत्रावरील एका जागेत बसतो. रचावयाला अनेक तक्षिमा लागतात, मोडावयाला एक पुरते, हा धडा त्यातून मिळतो. आणि मुके नर गाणाऱ्या मोजक्या नरांच्या आसपास थांबून मादी गाठतात, त्यामुळे वंश बुडत नाही.

आपल्या दख्खनच्या पठाराने या इतिहासात भर घातली ती वृक्षवासी रातकिड्याच्या रूपाने. इकॅन्थस हेन्रिआय या नाजूक, फिकट हिरव्या रातकिड्याचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रोहिणी बालकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कर्नाटकातील खुरट्या झुडपांत केला. त्यातील नताशा म्हात्रे यांनी ब्रिस्टलच्या सहकाऱ्यांसह त्याच्या पंखांचे ध्वनिशास्त्र उलगडले. या जातीचा एखादा नर पानाच्या मधोमध छिद्र कुरतडतो, त्या छिद्रात देह बसवून पंख पानाच्या पृष्ठाशी लावतो आणि गातो, त्यामुळे पंखाच्या पुढचा आणि मागचा ध्वनी एकमेकांस मारक न होता आवाज वाढतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे नर मोठे पान निवडतात आणि छिद्र योग्य आकाराचे व योग्य जागी पाडतात, असे दिसले. २०२० साली रित्तिक देब आणि सहकाऱ्यांनी दाखविले, की ही युक्ती बहुधा लहान अंगाचे व मंद आवाजाचे नर योजतात आणि तिच्यामुळे त्यांना अधिक माद्या मिळतात. जन्माने वाट्यास आलेला आवाज थोडा असला, तरी पानाच्या साह्याने तो मोठ्याच्या बरोबरीस आणता येतो. वतनात काय मिळाले आणि त्याचा उपयोग कसा केला, या दोन गोष्टी कीटकांतही निराळ्याच ठेवाव्या लागतात.

शंभर वर्षांच्या या महजराचा निवाडा असा सांगता येईल. कीटकाचे गाणे वंशपरंपरेचे आहे, यात संशय उरलेला नाही. त्याची एकच सनद मात्र नाही; ते अनेक जनुकांच्या तक्षिमांत वाटलेले आहे, आणि त्यांतील बरीच जनुके गाण्याबरोबर इतर अनेक कामे पाहणारी आहेत. एका जनुकाने सर्व उलगडते, असे जेथे जेथे सांगण्यात आले, तेथे तेथे काही वर्षांतच दुसरा वारस उभा राहिला किंवा मूळ कागदाची फेरतपासणी करावी लागली. आनुवंशिकतेविषयी रोज नवे दावे ऐकविणाऱ्या आजच्या काळात, माणसाच्या बुद्धीची वा स्वभावाची जनुके सापडल्याच्या बातम्या वाचताना, माशीच्या ३४ मिलिसेकंदांचा हा इतिहास प्रत्येकाने स्मरणात ठेवावा.

आणि एक विनंती. १९३१-३२ साली निजाम सरकारच्या साह्याने डॉ. सलीम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, आणि त्यांच्या नावाचे सरोवर आज छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळ आहे. तशीच पाहणी आता मराठवाड्यातील कीटकगीतांची व्हावी. रातकिड्यांची शास्त्रीय नामावळी ल्युसिआँ शोपार यांच्या १९६९ सालच्या ग्रंथात तयार आहे. ध्वनिमुद्रणास पूर्वी जे यंत्र प्रयोगशाळेत मिळत नसे ते आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात असते. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी जून ते ऑक्टोबर या काळात विद्यार्थ्यांकडून मुद्रणे करवून घ्यावीत, आणि प्रत्येक मुद्रणासोबत ठिकाण, तारीख, वेळ आणि हवेचे तापमान अवश्य लिहवावे. कारण उष्ण रात्री रातकिड्याचा ताल जलद होतो, हे ॲमॉस डॉलबेअर यांनी १८९७ सालीच नोंदवून ठेवले आहे आणि तापमानाशिवाय केलेली नोंद पुढे कोणाच्या उपयोगी पडत नाही. मूळ मुद्रण पुसू नये. त्याची एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवावी.